दीड अक्षराचा खडक

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या आंतियोकिया प्रांतात एक अजस्र खडक उभा आहे. उंची सुमारे दोनशे मीटर. म्हणजे दिल्लीचे जवळजवळ तीन कुतुबमिनार एकावर एक रचावेत तेव्हा कोठे त्याच्या माथ्याशी हात पोचावा. भोवती हिरव्यागार टेकड्या आणि मध्येच हा उघडाबोडका एकसंध पाषाण. या खडकाच्या एका अंगावर पांढऱ्या रंगाने दोन चिन्हे रंगवलेली दिसतात. पहिले रोमन लिपीतले ‘जी’ हे अक्षर असून ते चांगले घसघशीत आहे. त्याच्या शेजारी नुसती एक उभी रेघ. एकेक चिन्ह इतके मोठे, की दूरच्या रस्त्यावरूनही सहज वाचता यावे.

याची कथा तेथील लोक मोठ्या चवीने सांगतात. खडकाच्या एका बाजूला ग्वातापे हे गाव आणि दुसऱ्या बाजूला एल पेन्योल. दोघांचेही म्हणणे, खडक आमचा. पेन्योल या शब्दाचा अर्थच मुळी कडा किंवा खडक, तेव्हा नाव त्यांच्या बाजूचे. पण हद्दीचा नकाशा ग्वातापेच्या बाजूचा. असे म्हणतात की, एकदा ग्वातापेच्या मंडळींनी वाद कायमचा मिटवावा म्हणून दोर सोडून खडकावर आपल्या गावाचे नाव रंगवायला घेतले. पहिले अक्षर झाले, दुसऱ्याची एक काठी ओढून झाली, आणि पेन्योलचे लोक जमावाने धावून आले. काम तेथेच थांबले. तेव्हापासून ते दीड अक्षर तसेच आहे. पुसायलाही कोणी गेले नाही आणि पुरे करायलाही कोणी धजले नाही. आपल्याकडे दोन गावांच्या शिवेवरच्या देवळावरून असले तंटे पिढ्यान् पिढ्या चालतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही गोष्ट काही अगदीच परकी वाटू नये.

परंतु हा तंटा आहे तितका गमतीचा नाही. त्यातले एक गाव पुढे पाण्याखाली गेले. ती हकीकत सांगायची तर आधी मेदेयीन शहरापासून सुरुवात करावी लागते, कारण ते पाणी अडले तेच मुळी त्या शहरातल्या दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी.

मेदेयीन हे शहर आबुर्रा नदीखोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर वसलेले आहे. विषुववृत्त जवळ, पण उंचीमुळे उकाडा नाही; म्हणून ‘चिरवसंताचे शहर’ असे त्याला म्हणतात. आपण महाबळेश्वरला चार दिवस जाऊन जी हवा खाऊन येतो, ती येथे बारमाही फुकट. १५४१ साली सोन्याच्या शोधात निघालेली स्पॅनिश तुकडी डोंगर ओलांडून या खोऱ्यात उतरली. त्यांना सोने फारसे मिळाले नाही, आणि कित्येक वर्षे त्यांनी या जागेकडे लक्षही दिले नाही. १६१६ साली येथे मूळ रहिवाशांची एक लहानशी वसाहत करण्यात आली; १६७५ साली तिला शहराचा दर्जा आणि स्पेनमधल्या एका गावाचे नाव मिळाले. १८२६ साली ते प्रांताची राजधानी झाले. एवढा सगळा इतिहास पाच ओळींत संपतो, आणि तो तसा संपवणेच बरे. खरे मेदेयीन घडले ते त्यानंतर, आणि ते घडवले खेचरांनी.

या प्रांतातल्या लोकांना पाइसा म्हणतात. चिवट, बोलघेवडे, व्यवहाराला पक्के, घरचे कौतुक फार. बाकीच्या कोलंबियात त्यांच्यावर विनोद केले जातात आणि त्यांचा हेवाही केला जातो. (वाचकाने आपापल्या मनात महाराष्ट्रातले एखादे शहर आणावे, मी नाव घेत नाही.) या डोंगरमुलखात गाडीरस्ता नव्हता. सोने, मीठ, कापड आणि पुढे कॉफी, सारे काही खेचरांच्या पाठीवरून जाई. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर धान्य लादून दख्खनभर फिरत, तसे हे आरिएरो खेचरे हाकीत दऱ्याखोऱ्यांतून फिरले. आजही पाइसा माणसाचे चित्र काढायचे तर डोक्यावर टोपी, खांद्यावर घोंगडी आणि बगलेत अनेक कप्प्यांची चामड्याची पिशवी काढतात.

आणि जेथे खेचरही चालत नसे, तेथे माणूस चाले. पाठीला लाकडी खुर्ची बांधून तो दुसऱ्या माणसाला डोंगरापार वाहून नेई. १८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट किन्दिओच्या घाटातून गेला तेव्हा त्याने अशा खुर्चीत बसण्याचे नाकारले आणि चिखल तुडवीत तो पायी गेला. माणसाच्या पाठीवर माणूस हे त्याला पाहवले नाही. या ओझ्याच्या खुर्चीचे पुढे काय झाले पाहा. मेदेयीनजवळच्या सांता एलेना डोंगरावरचे शेतकरी त्याच लाकडी सांगाड्यात फुले भरून शहरात विकायला आणू लागले. १९५७ साली शहराने फुलांचा उत्सव सुरू केला, तेव्हा या फुलवाल्यांची मिरवणूक निघाली. आज दर ऑगस्टमध्ये पाठीवर फुलांचे मोठाले ताटवे घेऊन शेकडो स्त्रीपुरुष त्या मिरवणुकीत चालतात. गुलामीच्या काळची खुर्ची गेली आणि तिच्या जागी पुष्परथ आला. ओझे मात्र अजून पाठीवरच आहे, आणि ते हलके नसते.

येथल्या बाजारात हिंडताना एक मौज लक्षात येते. कॉफी आणि मक्याच्या भाकऱ्या सोडल्या, तरी ढिगाने पडलेली बरीचशी जिन्नस आपल्या ओळखीची निघते. आपल्याकडे एकादशीला सोवळ्याने केली जाणारी साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, त्यात पडणारा बटाटा, वरून घातलेले दाण्याचे कूट, सारे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आणि मिरची तीही अमेरिकेचीच. पोर्तुगीज गलबते आली नसती तर आपल्या उपवासाला काय उरले असते, याचा विचार करून मला पुष्कळदा हसू येते.

खेचरांच्या वाटेवर शेवटी आगगाडी आली, पण तिने अंत पाहिला. मागदालेना नदीच्या बंदरापासून मेदेयीनपर्यंतचा लोहमार्ग १८७४ साली फ्रान्सिस्को हाविएर सिस्नेरोस या क्यूबाच्या अभियंत्याने हाती घेतला. अंतर दोनशे किलोमीटरही नाही. परंतु डोंगर, ताप, यादवी युद्धे आणि पैशाची चणचण यांनी काम पुन्हा पुन्हा थांबले. १९१४ साली शहरात गाडी आली ती अर्धवटच. मध्ये ला किएब्रा नावाचा डोंगर आडवा. एका बाजूला उतरायचे, डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत बसायचे. त्या डोंगरातून बोगदा खणावा असे आलेहांद्रो लोपेस या विद्यार्थ्याने १८९९ सालीच आपल्या प्रबंधात मांडले होते. बोगदा पुरा झाला १९२९ साली. आपल्या बोरघाटातून १८६३ साली गाडी गेली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तेथल्या गिरणीमालकांची तळमळ ओळखावी.

होय, गिरणीमालकांची. कॉफीच्या पैशातून येथे कापडगिरण्या निघाल्या. १९०७ साली कोल्तेहेर आणि पुढे फाब्रिकातो. पाहता पाहता मेदेयीन हे कोलंबियाचे गिरणगाव बनले. आजही शहरातली एक उंच इमारत सुईच्या आकाराची आहे. ती कोल्तेहेरची, १९७२ साली पुरी झालेली. पण या गिरण्यांची गोष्ट मालकांपासून न सांगता एका मुलीपासून सांगावी. शहराच्या उत्तरेला बेयो येथे एक गिरणी होती. कामगार बहुतेक तरुण मुली. पगार पुरुषांहून कमी, दिवस लांबलचक, मुकादमांचा त्रास तोंडाने सांगू नये असा, आणि कामावर पायांत काही घालून यायचे नाही, अनवाणीच यायचे, असा नियम. १२ फेब्रुवारी १९२० रोजी बेत्साबे एस्पिनाल या चोवीस वर्षांच्या आतल्या मुलीच्या पुढारीपणाखाली सुमारे चारशे जणी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. पुरुष कामगार बहुतेक आत गेले. या मुलींनी त्यांची टर उडवली म्हणतात, आणि ती उडवण्याजोगीच होती. सुमारे तीन आठवडे संप चालला. शेवटी पगारवाढ मिळाली, तास कमी झाले, त्रास देणारे मुकादम गेले, आणि पायांत घालायची परवानगी मिळाली. त्याच १९२० साली मुंबईतही गिरणी कामगारांचा मोठा संप झाला आणि ऑक्टोबरअखेर तेथे आयटकची स्थापना झाली. बेयोच्या मुलींना मुंबई ठाऊक नव्हती, परळ-लालबागला बेयो ठाऊक नव्हते. सूत मात्र दोन्हीकडे सारखेच तुटत होते.

यानंतरचे मेदेयीन जगाला ठाऊक झाले ते दुर्दैवाने निराळ्या कारणासाठी. गावाकडच्या हिंसाचाराला भिऊन माणसे शहरात येत गेली, डोंगरउतारांवर विटांच्या झोपड्या चढत गेल्या. पुढे गिरण्यांना उतरती कळा लागली आणि कोकेनचा धंदा चढत गेला. पाब्लो एस्कोबारचे नाव मी येथे एकदाच घेतो. त्याच्यावर पुस्तके आणि चित्रमालिका खंडीभर निघाल्या आहेत, आणि मारलेल्यांची नावे त्यात सहसा नसतात. १९९१ या एका वर्षात या शहरात सहा हजारांहून अधिक खून झाले, दिवसाला सोळा-सतरा. १९९३ च्या २ डिसेंबरला तो स्वतः पोलिसांच्या गोळीने मेला, पण खून त्याच्याबरोबर संपले नाहीत.

१० जून १९९५ रोजी शहराच्या सान आंतोनियो चौकात, लोक जत्रेला जमले असता, फेर्नांदो बोतेरो या मेदेयीनच्याच शिल्पकाराच्या ब्राँझच्या पक्ष्याखाली बाँब ठेवण्यात आला. वीसाहून अधिक माणसे गेली. पक्ष्याचे पोट फाटले. नगरपालिका तो उचलणार होती. बोतेरोने तो तसाच ठेवा असे सांगितले आणि २००० साली तसाच दुसरा, धडधाकट पक्षी त्याच्या शेजारी उभा करायला दिला. दोन्ही आज शेजारी शेजारी आहेत. बोतेरो २०२३ साली वारला.

त्याच १९९५ सालच्या नोव्हेंबरअखेर शहरात मेट्रो सुरू झाली. लोक तिला इतके जपतात, की डब्यात कागदाचा कपटा दिसणार नाही. २००४ साली त्या मेट्रोला जोडून डोंगरावरच्या गरीब वस्त्यांकडे तारेवरचे पाळणे निघाले. सहलीच्या ठिकाणी असतात तसले हे पाळणे. येथे त्यांत मोलकरणी, गवंडी, शाळेची मुले बसतात. २०११ साली तेराव्या विभागात उतारावर उघड्यावरचे सरकते जिने बसवले. पूर्वी तीनशेहून अधिक पायऱ्या चढणाऱ्या म्हातारीला आता उभ्या उभ्या घरी जाता येते. या विभागातल्या भिंतींवरची चित्रे पाहायला हल्ली जगातून माणसे येतात. तथापि याच विभागात ऑक्टोबर २००२ मध्ये लष्कराची मोठी कारवाई झाली होती, आणि त्या काळात नाहीशी झालेली आपली मुले डोंगरावरच्या दगडमातीच्या ढिगाऱ्यात पुरली आहेत असे त्यांच्या आया वीस वर्षे सांगत होत्या. कोणी ऐकत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे पहिले मानवी अवशेष सापडले.

आता दिव्यांकडे वळू. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी कोलंबियात घरोघर उंबऱ्यापाशी आणि फुटपाथवर मेणबत्त्या ओळीने लावतात. लहान मुले वितळलेल्या मेणाचे गोळे करीत बसतात आणि आया ओरडतात. मेदेयीनमध्ये तर त्या महिन्यात नदीकाठ आणि रस्ते लाखो विजेच्या दिव्यांनी मढवले जातात. आपल्या दिवाळीतून उठून एखाद्याला तेथे नेऊन सोडले तर कंदिलांचे आकार तेवढे वेगळे वाटतील. हे दिवे लावते ती नगरपालिकेची विजेची संस्था, १९५५ साली स्थापन झालेली. आणि या संस्थेनेच ग्वातापेचे खोरे अडवले.

शहराच्या पूर्वेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर हे ग्वातापे. १८११ साली वसलेले, आज काही हजार वस्तीचे. गावात शिरताच डोळे दिपतात. घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, तांबड्या, हिरव्या. दारे दुसऱ्याच रंगाची, सज्जे तिसऱ्याच. पण खरी गंमत खाली, जमिनीपासून कमरेइतक्या पट्ट्यात असते. या पट्ट्याला ते ‘सोकालो’ म्हणतात. मातीच्या भिंतीचा पायथा पावसाच्या शिंतोड्यांनी झिजतो, कोंबड्या तो टोचतात, म्हणून तेवढ्या भागाला जाड गिलावा देण्याची पद्धत होती. सुमारे १९१९ साली होसे मारिया पार्रा नावाच्या गावकऱ्याने त्या गिलाव्यात उठावाचे चित्र काढून ते रंगवले. शेजाऱ्याने पाहिले, त्यालाही हवेसे वाटले. मग कोणाच्या घरावर कोकरू, कोणाच्या फुले, कोणाच्या खेचर. पाववाल्याच्या दुकानावर पाव, चांभाराच्या दुकानावर जोडे. कोंबड्यांपासून भिंत वाचवायला निघालेला माणूस चित्रकार झाला! आपल्याकडे दारापुढची रांगोळी रोज पुसते आणि रोज निघते. येथली रांगोळी भिंतीवर चढून बसली आहे, आणि ती वाचली की घरात कोण राहते ते कळते.

गल्ल्यांतून रंगीबेरंगी तीनचाकी रिक्षा फडफडत असतात, आणि आपला मराठी माणूस थबकतो. थबकायचे कारण नाही. आपल्या पुण्याच्या बजाजच्या गाड्यांचे नाव कोलंबियात गेली कित्येक वर्षे घरोघर माहीत आहे.

आता पाण्याची गोष्ट. साठीच्या दशकात मेदेयीनची विजेची भूक वाढली. नारे नदी अडवून तिचे पाणी डोंगराखालच्या केंद्रात सोडायचे, अशी योजना झाली. आपल्या कोयनेसारखेच भूमिगत केंद्र. १९७१ च्या सुमारास पहिला टप्पा चालू झाला, आणि सत्तरीचे दशक संपता संपता दुसरा. क्षमता एकूण ५६० मेगावॉट. जलाशयाचा साठा सुमारे १०७ कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या निम्म्याहूनही कमी. परंतु गाव बुडायला तेवढा पुरतो. ग्वातापेची सखल शेते गेली. एल पेन्योल सबंध गेले. चौक, चर्च, बाजार, अडीचशे वर्षांची घरे. १९६९ साली संस्था आणि गाव यांच्यात एक करार झाला, की नवे गाव बांधून द्यायचे. करारातली कलमे अमलात यावीत म्हणून लोकांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. १९७८ साली पाणी चढले आणि जुने पेन्योल दिसेनासे झाले. नवे गाव वर, उंचावर झाले. त्यातले नवे चर्च खडकाच्या आकाराचे बांधले आहे.

मुळशीच्या सत्याग्रहाची आठवण असलेल्या, किंवा उजनीचे पाणी उतरले की पळसदेवाचे देऊळ उघडे पडते ते पाहिलेल्या वाचकाला येथे जास्त सांगायला नको. पुढचे मात्र सांगतो. ज्यांच्या जमिनींवर ही वीज तयार झाली, त्याच पूर्व भागातल्या गावांना विजेची बिले इतकी जड झाली, की १९८२ आणि १९८४ साली तेथील लोकांनी दुकाने, शाळा, वाहतूक सारे बंद ठेवून हरताळ पाळले. त्या चळवळीच्या कित्येक पुढाऱ्यांना पुढे मारेकऱ्यांनी गाठले. नव्वदीत आणि नंतरच्या काही वर्षांत गनिमी टोळ्या आणि त्यांच्या विरुद्धच्या सशस्त्र टोळ्या या भागात धुमाकूळ घालीत होत्या, आणि मेदेयीनची माणसे या रस्त्याला येईनाशी झाली होती. ग्वातापेच्या भिंतींवर इतका रंग कसा, असे विचारणाऱ्याला हेही ठाऊक असावे. शेती गेल्यावर गावाला जगायला पाहुण्यांखेरीज दुसरे साधन उरले नव्हते. तेव्हा कोठे सोकालो गल्लोगल्ली पसरले.

आणि पाहुण्यांना पाहायला खडक होताच. त्याच्यावर माणूस पहिल्यांदा चढला तो १६ जुलै १९५४ रोजी. लुइस एदुआर्दो वियेगास आणि त्याचे दोन सोबती पाच दिवस त्याच्या एकुलत्या एका फटीत फळ्या ठोकीत वर गेले. आज त्याच फटीत नागमोडी पायऱ्या बांधलेल्या आहेत, साडेसहाशेच्या वर. ज्या पिढीने प्रतापगड, रायगड पायी चढला तिला त्यांचे भय वाटू नये. मधल्या एका वळणावर दम खायला सोय आहे, आणि माथ्यावर थंड पेये मिळतात.

माथ्यावरून खाली पाहावे. निळ्या पाण्याला असंख्य फाटे फुटलेले आणि त्यात हिरवी बेटेच बेटे. पाहुणे म्हणतात, काय सुंदर बेटे आहेत! ते डोंगरांचे माथे आहेत. त्यांच्या उतारांवर मका होता, फळबागा होत्या, आणि खाली खोऱ्यात पायवाटा एका गावाकडे जात होत्या. त्या जुन्या गावाच्या जागी आता पाण्यातून एक उंच क्रूस वर आलेला दिसतो. ग्वातापेच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या नौका त्याच्याजवळून वळसा घेऊन परत फिरतात. नौकेवर गाणे मोठ्याने लावलेले असते, पोरे नाचत असतात, आणि क्रुसाजवळ येताच नावाडी सांगतो, की या खाली चौक होता.